लोकरीच्या गाठी

तीस वर्षं मी या बेटांवर पत्रं वाटली.
गठ्ठ्यांची लाल रबरं खिशात साठायची,
मग बरणीत, मग बादलीत.
मेरन इस्बिस्टर म्हणाली, फेकू नकोस,
स्पिनेकरला लागतील.

स्पिनेकर आम्हा दोघांनाही
चित्रापुरतंच ठाऊक होतं.
नाळेच्या पुढे फुगलेलं, पोटुशी शीड,
वारा पाठीशी असला तरच उघडायचं.
दुकानातली किंमत ऐकून ती हसली,
म्हणाली, एवढ्यात टिरिक दोनदा येईल.

टिरिक आमची होडी, चौदा फुटी.
सुरय पक्ष्याचं नाव तिला शोभतं,
कुणी नुसतं शिंकलं तरी कलते.

मेरनच्या भाच्याचं जुनं पॅराग्लायडर होतं,
माणूस उचलायच्या लायकीचं राहिलं नव्हतं,
पण पाण्यावर कुणाला कुठून पडायचंय?
इथे हिवाळ्यात साडेतीनलाच दिवे लागतात.
ती मशीनवर, मी फरशीवर रांगत कापड धरून,
केशरी, निळं,
एका कोपऱ्यात कसल्याशा स्पर्धेचा उरलेला आकडा, सात.
तिसऱ्या शिवणीला पट्टे जुळेनात, आम्ही भांडलो.
चार दिवस चहा आपापल्या घरी.

शिडाला पुढे धरायला
खिडक्या पुसणाऱ्या एडविनची लांब होणारी दांडी,
तिच्या टोकाला कुत्र्याच्या साखळीचा चाप.
पडद्याच्या दोरीची कप्पी पहिल्याच ओढीत तडकली,
तेवढी विकत घेतली. कबूल.
सगळ्यात गुणाची निघाली बूड कापलेली बादली:
बाहेरून रबरं चढवायची, आतून शीड ओढायचं,
हातभर गेलं की एक रबर त्याच्यावर सोडायचं.
शेवटी हातात उरतो एक लांबच लांब, गप्प साप.
तो डोलकाठीवर चढवा, दोर खेचा,
रबरं खालून वर तुटत जातील
आणि शीड आपलं आपण उमलेल.
म्हणे.

एप्रिलमध्ये सगळं तयार,
आणि स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर मेरनला एक मेलेला कुरव दिसला.
तिनं चाकू काढला. कोळ्याची मुलगी, तिला त्याचं काही नाही.
आत लाल रबरं. अकरा.
ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी बादली घरी आणली, कपाटावर ठेवली.
रात्री उगाच हिशेब करत बसलो,
तीस वर्षांत माझ्या पिशवीतून
किती सांडली असतील, कुठल्या कुठल्या फाटकापाशी.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, घरात लोकर आहे का?
होती. एका बाहीचा राखाडी स्वेटर.
दुसऱ्या बाहीआधी बायको बहिणीकडे इन्व्हर्नेसला गेली
आणि मग तिथलीच झाली.
उसवायला सोपा गेला.
विणताना तिनं गाठी फार घट्ट मारल्या नव्हत्या,
हे मला तेव्हा कळलं.

ग्रेमसेचा दिवा मागे पडला.
पश्चिमेचा वारा, हॉयचे डोंगर उजव्या हाताला,
मेरन सुकाणूवर, मी दोराशी.
साप वर गेला.
खेचलं. काही नाही.
पुन्हा खेचलं.
मग तळाची लोकर तुटली, आवाजसुद्धा न करता,
तिच्यावरची, तिच्यावरची,
मी मोजत होतो, सहानंतर मोजायचं राहूनच गेलं,
कारण समोर केशरी आभाळ फाटकन् उभं राहिलं
आणि टिरिक अशी निघाली
जशी तिला कुणी नावानं हाक मारली.

मेरन ओरडत होती, ढील दे, ढील दे!
मला ऐकूच आलं नाही असं मी नंतर सांगितलं.
होडी आडवी झाली, गुडघाभर पाणी आत,
शीड पुढच्या तारेला दोन वेढे घालून बसलं,
तो सात उलटा होऊन आमच्याकडे बघत राहिला.

हाउटनला पोचलो तेव्हा दोघं निथळत होतो.
माझ्या बाहीवर राखाडी लोकरीचा ओला धागा चिकटला होता.
तो तसाच राहू दिला.
एडविनची दांडी मात्र मधोमध वाकली आहे,
आणि सोमवारी त्याला बँकेच्या खिडक्या पुसायच्यात.
काय सांगायचं ते
मेरन म्हणते, तू सांग. तुला दारं वाजवायची सवय आहे.